गाळ आणि माती

घट बसवायला आईला वावराचीच माती लागायची. नवरात्राच्या आदल्या दिवशी लिंबायतच्या रस्त्यावर बायका प्लास्टिक अंथरून मातीचे ढीग लावतात. शेजारी बोळकी, परड्या, धान्याच्या पुड्या. खानदेशातून पोटासाठी आलेली घरं सुरतेत इतकी आहेत की गिऱ्हाइकाला तोटा नाही. आईने मात्र ती माती कधी घेतली नाही. "ती पायानी माटी शे," ती म्हणायची. पायाची म्हणजे इमारतीच्या पायातून उकरलेली, दहा-बारा फुटांखालची. जिच्यात कधी मूळ उतरलं नाही, ती माती देवीसमोर मांडायची कशी, असा तिचा सवाल. मग भाद्रपद संपता संपता गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती, भुसावळकडून येणाऱ्या गाडीने, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली माती यायची. शिंदखेडा तालुक्यात तापीच्या काठाला आमचं तीन एकर वावर आहे, त्यातली.

२००६ साली ती आली नाही. त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि तापी सुरतेत शिरली. आम्ही तेव्हा अडाजणला तळमजल्यावर राहायचो. तीन दिवस शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढून खाली उतरलो तेव्हा घरात नडगीपर्यंत गाळ होता. पिठासारखा मऊ, काळसर तपकिरी. त्यात पितळी डबे, माझी वह्या-पुस्तकं, आबांच्या लूमच्या खात्यातली हजेरीची डायरी, सगळं एकजीव झालेलं. आबा फावड्याने तो उपसत होते आणि आई दारात उभी राहून मूठभर गाळ नाकाशी नेऊन हुंगत होती. "हाई आपलीच शे," ती म्हणाली. आबा संतापले. लोकांचे संसार वाहून गेले आणि तुला माती ओळखायची पडली आहे! ती काही बोलली नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यात तिने तो गाळ भरला आणि माळ्यावर ठेवून दिला. दीड महिन्याने नवरात्र आलं तेव्हा घट त्यातच बसला.

पहिले तीन दिवस कोंब झरझर आले. चौथ्या दिवशी गाळावर पापुद्रा धरला. पाचव्या दिवशी घातलेलं पाणी वरच तरंगत राहिलं, खाली उतरेना. मग भेगा पडल्या, गव्हाच्या पाती पिवळ्या पडून कलल्या. दसऱ्याला आईने परडी रिकामी केली आणि मला म्हणाली, "तो गाळ व्हता. माटी नव्हती."

तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी खंबायतच्या आखाताला मिळते. तिचं खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं आणि त्यातला जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात. म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वावरांतून पावसाने जे नेलं, ते इथल्या दिशेने निघतं. पूर्वी ते थेट यायचं आणि सुरतेच्या आसपासच्या काळ्या कसदार रानावर पसरायचं. १९७२ साली उकाई झालं, तेव्हापासून त्यातला मोठा वाटा धरणाच्या पोटात बसतो. आईने हुंगलेला गाळ आमच्याच वावरातला होता याला पुरावा काही नाही. पण मराठी माणसाला सुरत म्हटलं की १६६४ ची लूट आठवते, आणि मला दर पावसाळ्यात वाटतं की त्या लुटीची परतफेड ही नदी गेली साडेतीनशे वर्षं करते आहे. आमच्याकडचं सर्वांत मोलाचं धन ती गाजावाजा न करता खाली आणून टाकते. आणि ते जातं कारण आम्ही त्याला धरून ठेवत नाही.

धरून ठेवायचं म्हणजे काय, हे मला शाळेतल्या मुलांनी शिकवलं. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं अहिराणी बोलणारी, दिवाळीच्या सुटीत गावाला जाणारी. एका वर्षी मी त्यांना सांगितलं, येताना एकेक वाळलेलं ढेकूळ आणा. शिरपूर, शहादा, अमळनेर, चोपडा, दोंडाईचा, अशी ढेकळं कागदात गुंडाळून आली. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन, वर जाळीचा तुकडा ताणून, त्यावर ती हलकेच ठेवायची आणि बघत बसायचं, एवढाच प्रयोग. बहुतेक ढेकळं दोन मिनिटांत विरघळून ग्लासाच्या तळाशी गेली, पाणी चहासारखं झालं. एका मुलीने दोन आणली होती. एक वावराच्या मधलं, दुसरं त्याच वावराच्या बांधावरचं. मधलं विरलं. बांधावरचं तास संपेपर्यंत तसंच राहिलं, पाणी स्वच्छ. "बाई, बांधनी माटी हुशार शे," ती म्हणाली.

रंग एक, खडक एक, पाऊस एक, अंतर पाच-सहा हात. फरक इतकाच की बांधाला नांगर लागला नव्हता आणि त्यावर बारा महिने गवत होतं. गवताची मुळं जिवंत असताना नुसतं पाणी पीत नाहीत. पानांनी उन्हातून केलेल्या साखरेतला काही वाटा ती मातीत पाझरवतात, आणि त्यावर जिवाणू, बुरशी पोसल्या जातात. त्या बुरशीचे धागे, जिवाणूंचा चिकटा आणि गांडुळांची विष्ठा यांनी मातीचे बारीक कण एकमेकांना बांधले जातात आणि माती रवाळ होते. रव्यारव्यांमध्ये पोकळ्या राहतात, त्यांतून पाणी खाली उतरतं, हवा आत जाते. नांगर खोल घालून, उन्हाळाभर रान उघडं ठेवून, धसकटं जाळून आपण ते सगळं बांधकाम मोडतो. मग पहिल्या वळवाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळतात, सुटे झालेले कण पोकळ्यांत जाऊन बसतात, वर पापुद्रा धरतो, आणि उरलेलं पाणी माती घेऊन निघतं. आमच्या परडीत नऊ दिवसांत घडलं तेच.

बांधाचं मला विशेष वाईट वाटतं. खानदेशात काय आणि इतरत्र काय, बांध कोरण्यावरून भाऊबंदकी होते, कोर्टात पिढ्या जातात. दरवर्षी नांगराचं एक तास आत सरकतं आणि वीतभर जमीन मिळाल्याचा आनंद होतो. आमच्या तीन एकरांचा बांध माझ्या लहानपणी बैल चालेल इतका रुंद होता. त्यावर निंब, बोरी, पळस होता. आता त्यावरून एक माणूस जेमतेम चालतो. जो बांध ट्रॅक्टरच्या फेरीतून वाचला होता, त्यातच वावराची खरी माती शिल्लक होती, आणि आम्ही तोच खात आलो.

माझ्या आजीला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण तिची पेरणी वेगळी होती. कापसात तुरीची ओळ, ज्वारीत मूग-उडीद. बोंडं वेचून झाली की पऱ्हाटी चुलीला जायची, पण मुगाचा पाला वावरातच राहायचा. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं ती म्हणे, कारण कोळप्याने वरच्या भेगा बुजल्या की खालची ओल टिकते. १९७० मध्ये सुरतेच्याच कापूस संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ हे वाण दिलं, व्यापारी लागवडीतलं जगातलं पहिलं संकरित कापसाचं वाण. संकरित कापसाने घराघरांत पैसा आला, आबांचे मोठे भाऊ त्यावर शिकले. त्या वाणाला मी बोल लावणार नाही. पण पैशाच्या मागे कापसावर कापूस आला, ज्वारी गेली, जनावरं गेली, शेणखत गेलं, आणि माती दरवर्षी देत राहिली, तिला परत काही मिळालं नाही. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असला की 'कमी' असा शेरा येतो. चुलतभावाच्या कागदावर तो शेरा आहे.

सुरत-भुसावळ गाडीने जानेवारीत जावं. उधना सुटलं की बारडोली, मढी, व्यारा या पट्ट्यात दोन्ही बाजूंना ऊस. १९२८ च्या सत्याग्रहाने ज्या बारडोलीचं नाव देशभर गेलं, तिथले सहकारी साखर कारखाने आज या मुलखाचा कणा आहेत. संध्याकाळी खिडकीतून अचानक एखादा फड पेटलेला दिसतो. दोन माणसं उंच ज्वाळा, करपल्याचा वास, वरून गळणारी काळी पात. दक्षिण गुजरातेत तोडणीआधी ऊस पेटवायची रीत आहे. पाचट जळून जातं, विंचूकाट्याचं भय राहत नाही, हात भरभर चालतो. आणि तो हात बहुतेक वेळा आमच्याकडचा असतो. नंदुरबार, धुळे, डांगमधून आदिवासी जोडपी कोयता घेऊन इथे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टनावर मजुरी. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७० च्या दशकापासून त्यांच्या हालांवर लिहिलं आहे.

एका हेक्टरच्या उसात आठ-दहा टन पाचट निघतं. ते जाळलं की त्यातला नत्र आणि कर्ब जवळपास सगळा हवेत जातो, वरच्या थरातले जीव भाजतात. महाराष्ट्रात कितीतरी ऊसकरी आता ते सरीत पसरून कुजवतात, खोडव्याला त्याचं आच्छादन होतं. मीही उत्साहाने हे कामरेज तालुक्यातल्या एका काकांना सांगायला गेले. माझ्या सहकारी बाईंचे ते नातेवाईक, पाच एकर ऊस. ते स्वतः चार वर्षांपासून पाचट जाळत नव्हते. मला बसवून त्यांनी दुसरी बाजू सांगितली. न जाळलेला ऊस तोडायला वेळ लागतो, पात हातापायाला कापते, दिवसाचे टन कमी भरतात. म्हणजे माझी जमीन सुधारण्याची किंमत तो कोयत्यावाला भरतो. म्हणून ते टनामागे वरचे पैसे आपल्या खिशातून देतात. "नहीं तो पाप लागे, बेन," ते म्हणाले. मातीबद्दलची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत हा हिशोब मी कधी ऐकला नव्हता, आणि तो केल्याशिवाय उसाचा धूर थांबेल असं मला वाटत नाही.

काकांच्या वावराची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. काकरापारचा बंधारा आणि मग उकाई झाल्यावर कालवे आले, आणि या काळ्या भारी जमिनीत भात नि ऊस बारमाही झाला. चिकणमाती पाणी सोडत नाही. भूजल वर चढत गेलं, क्षार वर आले, काही रानं चिबडली. तिकडे ओलपाडच्या बाजूला समुद्राचं खारं पाणी आहेच. नवसारी कृषी विद्यापीठाने या भागात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचऱ्याचे प्रयोग केले. काकांनी बांधाकडेला चर काढला आणि उसाआधी इक्कड पेरायला घेतली. इक्कड म्हणजे आपला धैंचा. चिबड रानातही तो मुळं खोल घालतो, गाठींमध्ये हवेतला नत्र धरतो, फुलावर यायच्या आत गाडला की मऊ होऊन कुजतो. कडेला सुरती पापडी आणि तूर. उंधियूत पडणारी ती पापडीही डाळवर्गातली, तिच्याही मुळांना गाठी. सुरतेची सारी खवय्येगिरी, हिवाळ्यातला पोंक म्हणजे आपला हुरडा, उंधियू, रताळू, हे एकाच रानात फिरत्या पिकांचं देणं होतं, हे मला त्यांच्या बांधावर उभं राहून कळलं. इथे वीस वर्षं मी ते खात होते, पण ताटावरून रानापर्यंत विचार गेला नव्हता.

सप्टेंबरातल्या एका जोरदार पावसानंतर मी तिथे होते. शेजारच्या रानात पाणी तुंबलेलं, काकांच्या रानात ते दुपारपर्यंत उतरलेलं. मी आत पाऊल टाकणार तोच त्यांनी थांबवलं. "वराप आवे त्यारे ज पग मूकवो." वराप आल्यावरच पाय ठेवावा. मी चमकले. वराप म्हणजे आमचा वाफसा. पाऊस उघडून, जादा पाणी उतरून, मातीत ओल आणि हवा दोन्ही नांदू लागतात ती वेळ. ओल्यात पाय दिला की रवे चेंगरतात, पोकळ्या बुजतात. दोन्ही भाषांनी त्या वेळेला स्वतंत्र नाव दिलं, म्हणजे दोन्हीकडच्या कुणब्यांनी ती वेळ किती निरखली असेल.

आणि आता आमचा शब्द इथे येऊन राहिला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा ही चार सूत्रं मांडली, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. गुजरातने त्या धर्तीवर नैसर्गिक शेतीची मोहीम घेतली. २०२१ मध्ये डांग पूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा जाहीर झाला. १० जुलै २०२२ रोजी सुरतेत मोठी परिषद झाली, साडेपाचशेहून अधिक पंचायतींतले ४० हजारांवर शेतकरी जोडले गेल्याचं पंतप्रधानांनी त्या निमित्ताने सांगितलं. गुजराती फलकावर मी 'वाफसा' लिहिलेलं वाचलं तेव्हा परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. जीवामृत म्हणजे दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. त्या कृतीत मला सर्वांत आवडते ती शेवटची मूठ. बांधाची माती हुशार असते हे पाळेकरांनाही ठाऊक होतं.

पिंप ठेवलं आणि माती सुधारली असं मात्र होत नाही. काकांच्याच गावात काहींनी एक हंगाम जीवामृत घातलं, उतार पडला, पुन्हा युरियाच्या गोणी आणल्या. नुसत्या जीवामृतावर पिकाची सगळी भूक भागते का, यावर कृषी शास्त्रज्ञांनीही शंका घेतल्या आहेत. त्या वादात मला शास्त्रज्ञांचं म्हणणं धरून ठेवावंसं वाटतं, आणि काकांचं रानही. कारण ज्यावर दोघांचं एकमत आहे तेच तिथे दिसतं. माती झाकलेली, मुळं जितके महिने शक्य तितकी जिवंत, डाळवर्गाची सोबत, नांगर उथळ. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी सगुणा तंत्रात भाताची मुळं न उपटता गादीवाफे तसेच ठेवून हेच सिद्ध केलं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांबरोबर वरचा डोंगर राखला आणि खालच्या विहिरींना पाणी राहिलं. २०२५ ची पद्मश्री त्यासाठी. डोंगरावरचं झाड आणि वावरातलं धसकट करतात एकच काम. पडत्या पावसाला जरा थांबवून घेतात.

हे थांबवणं आता जिवावरचं झालं आहे. चुलतभाऊ फोनवर सांगतो, पाऊस तेवढाच पण दिवस कमी. तीन आठवडे आभाळ कोरडं, मग एका रात्रीत ओढे फुटतात. रवाळ माती तो एका रात्रीचा पाऊस पोटात घेते आणि तीन आठवडे पिकाला पुरवते. आणि जो थेंब वावरात मुरला, तो उकाईच्या दारांवर चढत नाही. सुरतेच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांचं शिंदखेड्याच्या बांधाशी इतकं जवळचं नातं आहे. जगातल्या मातीत जितका कर्ब आहे तितका हवेत आणि झाडांत मिळूनही नाही. २०१५ च्या पॅरिस परिषदेत फ्रान्सने मातीतला कर्ब दरसाल हजारी चार वाढवण्याची कल्पना मांडली. आमच्या उन्हाच्या मुलखात तो वाढवणं फार कठीण, कारण उष्ण मातीत पालापाचोळा लवकर जळून संपतो. चुलीसारखं आहे ते. रोज थोडं सरपण घालत राहावं लागतं.

महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. तलावातला गाळ शेतकरी स्वतःच्या वावरात नेऊन पसरतात. चुलतभावाने मागच्या उन्हाळ्यात आठ ट्रॉल्या आणल्या. त्याला मी आईचं परडीसमोरचं वाक्य सांगितलं, गाळ म्हणजे माती नव्हे. त्याने यंदा त्यावर ताग पेरून गाडला आणि पऱ्हाटी जाळायची सोडून बारीक करून रानात टाकली. बांधाला मोजून दीड हात जागा सोडली आहे. आमच्या भाऊबंदकीत ही मोठीच गोष्ट आहे.

आईला आता नीट दिसत नाही. या नवरात्रात गावाहून कुणी येणारं नव्हतं, म्हणून मी काकांच्या रानातली माती आणली, पिशवीत ओलसर. तिने परडीत हात घातला, बोटांनी ती कितीतरी वेळ चुरगळत राहिली, नाकाशी नेली.

"कोना वावरनी?"

"इथलीच. कामरेजकडची."

ती काही बोलली नाही. बोटं पुन्हा आत गेली आणि थबकली. तिच्या तळहातावर एक बारीक गांडूळ वळवळत होतं. गहू नंतर पेरू, म्हणाली, आधी याला जागा बघ. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी तिचा हात धरून तिला गॅलरीत नेलं. तुळशीच्या कुंडीत तिने बोटाने खळगा केला, गांडूळ त्यात सोडलं, आणि वर वाळलेली पानं चाचपून चाचपून झाकली.